उंबऱ्याखालचं पाणी

शेंडखारच्या शाळेत मी एक्कावन्न सालच्या जूनमध्ये रुजू झालो आणि अठ्ठावन्नच्या मे महिन्यात तिथून बदलून निघालो. उणे चिन्ह म्हणजे काय हे मला त्या गावात कळलं. त्याआधी मी मॅट्रिक झालो होतो, शिक्षकाची सनद मिळवली होती आणि चार वर्षं पोरांना गणित शिकवत होतो, तरी कळलं नव्हतं. मला ते ठमीनं शिकवलं. ठमी सही करायची तीसुद्धा जीभ दातांत धरून, अक्षरं एकेक उभी करत.

शेंडखार हे धरमतरच्या खाडीला चिकटलेलं आगऱ्यांचं गाव. गावाची शेती भरतीच्या पाण्यापेक्षा खोल. खाडी आणि भात यांच्यामध्ये मातीचा बांध आहे म्हणून भात आहे, नाहीतर तिथे खेकडे फिरले असते. पावसाचं पाणी शेतात साठतं, ते बाहेर सोडायला बांधात एक दार असतं. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळ्या वर घ्यायच्या, भरती लागायच्या आत खाली सोडायच्या, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. पण भरती रोज पाऊण तासानं पुढे सरकते, वारा असला तर पाणी न सांगता चढतं, आणि एकदा का खारं पाणी शेतात शिरलं की पुढचे दोन पावसाळे तिथे गवतही धड उगवत नाही. त्यामुळे उघाडीवर कोण आहे याला त्या गावात शाळेत मास्तर कोण आहे यापेक्षा पुष्कळ जास्त महत्त्व होतं, आणि ते मला पहिल्याच आठवड्यात समजावून देण्यात आलं.

उघाडीवर ठमी होती. ती तेव्हा तिशी ओलांडलेली असेल. अंगानं काटक, रंगानं काळी, पुढचा एक दात फळी निसटून लागल्यामुळे अर्धा तुटलेला. बोलताना समोरच्याकडे बघायची तिला सवय नव्हती. ती त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाण्याकडे बघायची. नव्या माणसाला तो उद्धटपणा वाटे. मलाही वाटला. तिचा नवरा बुधाजी पन्नास साली मुदतीच्या तापानं गेला. उघाडी त्याच्या घराण्याची. बाईमाणसाकडे ती ठेवावी की नाही यावर गावकीची बैठक बसायची होती. ती बसेपर्यंत दहा दिवस गेले, आणि त्या दहा दिवसांत ठमीनं कोणाला न विचारता दोन्ही वेळच्या ओहोट्या सांभाळल्या. बैठकीत रामचंद्र पाटील म्हणाले की पाणी बाहेर जातंय, मग आपण कशाला जमलोय, आणि सगळे उठून घरी गेले.

उघाडीवाल्याचा हक्क दोन गोष्टींवर. खळ्यावर दर घरामागं एक पायली भात, आणि ओहोटीला दाराच्या तोंडाशी अडकणारी मासळी. भातावर पोट भरे, पण मान मासळीचा. पावसाळ्यात तिथे चिवणी येतात. अंडी भरलेल्या चिवणीचं कालवण ज्यानं खाल्लेलं नाही त्याला त्याबद्दल सांगण्यात अर्थ नाही. ठमी आधी गावदेवीला दोन ठेवायची, मग अंगणात बसून वाटे घालायची, आणि कोणाला मोठा वाटा मिळतो यावरून तिचं कोणाशी कसं चाललंय हे गाव ओळखायचं. माझ्या वाट्याला सुरुवातीला लहान येत.

आता तिच्या मोजण्याबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. उघाडीच्या दोन्ही बाजूंना दगडी खांब, आणि त्यांच्या माथ्यावर आडवा दगड. ठमी त्या माथ्यावरून काठी खाली सोडायची आणि पाणी किती खाली आहे ते बघायची. "आज सहा" म्हणजे माथ्यापासून सहा फूट खाली. "आठ" म्हणजे आणखी खाली, म्हणजे आणखी चांगलं. वरून का मोजता, असं मी एकदा विचारलं, तर वरचा दगड हलत नाही आणि खालचा चिखल रोज हलतो, एवढंच उत्तर मिळालं. सगळं गाव असंच मोजायचं. चौथीच्या मुलांना मी पाटीवर विहीर काढून तिच्या कडेनं आकडे लिहायला सांगितले, तर वर्गातल्या एकूण एक मुलानं शून्य वर लिहिलं आणि दहा तळाला. मी सगळ्यांना छड्या दिल्या. ती पोरं चुकली नव्हती, पण हे कळायला मला अजून तीन वर्षं होती.

पंचावन्नच्या उधाणात शेजारच्या गावाकडचा बांध फुटला आणि आमचीही उघाडी खचली. सरकारनं दुसऱ्या वर्षी बांध दुरुस्त केला आणि सिमेंटचा गिलावा दिलेली नवी पक्की उघाडी बांधली. तिच्या दोन्ही बाजूंना, खाडीकडे आणि शेताकडे, आकडे रंगवलेल्या पट्ट्या बसवल्या. शून्य दाराच्या उंबऱ्यावर. उंबऱ्याच्या वरचे आकडे काळे, खालचे लाल. माथा शून्यापासून बरोबर सात फुटांवर. आणि उघाडी सरकारी झाली म्हणून तिच्यावरचा माणूसही सरकारी झाला.

अलिबागहून ओव्हरसियर आले. सडपातळ, सभ्य, छत्री घडी करून गुडघ्यांवर आडवी ठेवणारा माणूस. त्यांनी शाळेच्या ओट्यावर बसून सगळं समजावलं. एक नोंदवही भरायची. वेळ, बाहेरचं पाणी, आतलं पाणी, फरक, आणि दार उघडं की बंद. फरक म्हणजे बाहेरच्यातून आतलं वजा. फरक अधिक आला तर बाहेरचं पाणी चढं, दार बंद हवं. उणे आला तर बाहेरचं उतरलेलं, दार उघडावं. पावसाळ्याचे तीन महिने वही बरोबर भरली तर ठमीचं नाव कायम होईल. नाही तर खात्याच्या यादीवर चांगदेव नावाचा श्रीवर्धनकडचा एक तरुण होता, सातवी पास, तो येईल. ते हे रागानं बोलले नाहीत. ठमी त्यांच्या खांद्यावरून खाडीकडे बघत होती. तिला उघाडीखेरीज दुसरं काही नव्हतं, ना जमीन, ना मूल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शाळेत आली. मी घेतलेल्या प्रौढांच्या वर्गात ती शंभरापर्यंत आकडे शिकली होती. पण हे उणे-अधिक तिनं पाहिलं नव्हतं.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल. मॅट्रिकला मी पहिल्या खेपेला बीजगणितात बसलो, म्हणजे नापास झालो. दुसऱ्या खेपेला मी नियम पाठ केले. पाठांतर माझं चांगलं. उणे उणे अधिक, अधिक उणे उणे, कंसाबाहेर उणे असेल तर आतली चिन्हं बदलतात, असं सगळं मी स्तोत्रासारखं म्हणून दाखवू शकत असे. का बदलतात असं मला कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही. प्राथमिक शाळेत त्याची गरज पडत नव्हती. गावात तर मला सगळं येतं अशीच समजूत होती, आणि ती मोडून काढावी असं मला कधी वाटलं नाही.

पट्टी वाचून लिहायचं, एवढं सरळ असतं तर प्रश्न नव्हता. पण खाऱ्या पाण्यात काही टिकत नाही. पहिल्याच मोसमात खालचे आकडे कालवांच्या शिंपल्यांखाली दिसेनासे झाले, आणि ठमी पुन्हा माथ्यावरून काठी सोडू लागली. मग मी तिला एक तक्ता करून दिला. फुलस्केप कागद, दोन रंगांची शाई, पट्टीनं ओढलेल्या रेघा. माझं अक्षर सुंदर आहे. वरून सहा भरले तर सातातून सहा गेले, सरकारी आकडा एक. वरून चार भरले तर तीन. वरून आठ भरले तर पाणी उंबऱ्याच्या एक फूट खाली, म्हणून उणे एक. इथपर्यंत मी बरोबर होतो. मग बाहेरचा आकडा डावीकडे, आतला वरती, आणि जिथे दोन्ही रेघा भेटतात त्या चौकटीत फरक. बाहेर एक, आत तीन, फरक उणे दोन. बाहेर पाच, आत तीन, फरक अधिक दोन. हेही बरोबर.

शेवटच्या ओळीत बाहेरचं पाणी उंबऱ्याखाली. बाहेर उणे एक, आत तीन. मी लिहिलं, उणे एक उणे तीन. समोर दोन उणे दिसली. उणे उणे अधिक. चौकटीत मी अधिक चार लिहिलं, आणि त्या ओळीतल्या सगळ्या चौकटी तशाच सुबक भरल्या.

ठमीनं आठवडाभर तक्ता वापरला आणि मग एका दुपारी वर्ग चालू असताना खिडकीशी येऊन उभी राहिली. तिचं म्हणणं होतं की तिच्या हिशेबानं बाहेर आठ आणि आत चार, म्हणजे बाहेरचं चारानं खाली. तक्त्यात अधिक चार आहे, ते तिला पटतं. पण बाहेर सहा आणि आत चार असतात तेव्हा तिच्या हिशेबानं दोन येतात आणि तक्ता म्हणतो उणे दोन. दार तर दोन्ही वेळा उघडंच असतं.

"मास्तर, पानी उंबऱ्याखाली गेलं का चिन्न फिरतं का?"

प्रश्न इतका नेमका होता की एखाद्या इन्स्पेक्टरनं विचारला असता तर मी घाबरलो असतो. पण खिडकीत ठमी होती आणि वर्गात चाळीस पोरं ऐकत होती. मी म्हटलं, "हो. उणे उणे अधिक होतं. नियमच आहे तो." ती बरं म्हणाली आणि गेली. तिला ते पटण्यासारखंच होतं, कारण ती वरून मोजणारी. खोल जाईल तसा आकडा वाढतो हेच तिला ठाऊक, आणि त्या एका ओळीत माझी चूक आणि तिची सवय एकमेकींत फिट्ट बसल्या. बाकीच्या ओळींत सरकार उलटं का लिहितं हे कोडं तिला पडलं असेल. पण मास्तरांनी सांगितलं म्हटल्यावर तिनं ते सरकारवर सोडून दिलं.

त्या पावसाळ्यात भात असं आलं की म्हातारी माणसंही खूश झाली. एकदाही खारं पाणी आत शिरलं नाही. चिवणी भरपूर मिळाल्या आणि माझा वाटा आता मोठा असे. ठमी रोज दोनदा वही भरायची. आकडे टपोरे, चिन्हं ठसठशीत, खाडाखोड नाही. मी कधी वही उघडून चौकशी केली नाही.

गणपती होऊन गेल्यावर एका सकाळी ओव्हरसियर आले. ओट्यावर बाक टाकला. पाटील, गावकीची चार माणसं, मी, आणि खांबाला टेकून ठमी. त्यांनी वही चाळायला घेतली. दोन पानं समाधानानं उलटली, मग खिशातून लाल पेन्सिल काढली. प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाची ओहोटी खोल जाते त्या दिवसांत, ते एकेका चिन्हाभोवती गोल करत गेले. शेवटी मोजले. एकतीस.

त्यांनी वही सगळ्यांना दिसेल अशी धरली. फरक अधिक चार, दार उघडं. फरक अधिक तीन, दार उघडं. असं एकतीस वेळा. याचा अर्थ चार फूट चढ्या समुद्राला बाईंनी दार उघडून दिलं. तसं झालेलं नाही हे त्यांना शेतावरून दिसत होतंच, म्हणजे दार बरोबर आणि चिन्ह चूक. पण अलिबागच्या कचेरीत शेत दिसत नाही, वहीच दिसते. उद्या वहीवरून कोणी हुकूम दिला तर गाव बुडेल. त्यांचं बोलणं मला तेव्हाही बरोबर वाटलं आणि आजही वाटतं.

अधिक चार हे ऐकलं आणि मला तक्त्यातली शेवटची ओळ डोळ्यांसमोर दिसली. चूक काय आहे ते मला तेव्हाही समजलं नाही. फक्त ती माझी आहे एवढं समजलं.

ओव्हरसियरांनी विचारलं, "हे असं लिहायला तुम्हाला कोणी शिकवलं?"

तक्ता ठमीच्या कमरेला होता. घडी घालून, मेणकापडात गुंडाळून ती तो लुगड्याच्या ओच्यात खोचायची. मला गुंडाळीचं टोक दिसत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती खाडीकडेही बघत नव्हती. पहिल्यांदाच ती ज्याच्याशी बोलत होती त्याच्याकडे बघत होती.

"कुनी न्हाय," ती म्हणाली. "माजं मीच."

मी काही बोललो नाही. बोलायला वेळ होता. ओव्हरसियरांनी वही मिटली, पेन्सिल खिशात ठेवली, छत्री उचलली, पाटलांनी आणलेलं शहाळं पिऊन संपवलं. एवढ्या वेळात माणूस आपलं नाव, गाव आणि अपराध तीनदा सांगू शकतो. जाताना त्यांनी सांगितलं की पहिल्या तारखेला चांगदेव येईल, त्याला चार्ज द्यावा.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी मी उघाडीवर गेलो. ठमी फळ्या वर घेऊन बसली होती. मी तिच्याकडे तक्ता मागितला. तो घेऊन मी अलिबागला जाणार होतो, रात्रभर विचार करून तेवढं धैर्य गोळा झालं होतं. ती म्हणाली की तक्ता कालच चुलीत घातला. मी विचारलं, का. "त्यावर तुमचं अक्षर व्हतं. कुनी बी वळखलं असतं."

मला तिथेच बसावंसं वाटलं आणि मी बसलो. मग तिनं विचारलं की चुकलं कुठं. उघाडी जाणार ती जाणार, पण तीन महिने रोज लिहिलं त्यात काय चुकलं ते तिला कळायला हवं होतं. मी खरं सांगितलं की मलाही माहीत नाही. त्यावर ती नुसती हुं म्हणाली.

खाडीच्या अंगाला खांबाला लागून दगडी पायऱ्या होत्या, फूट-फूट उंचीच्या, उंबऱ्याच्या वरपासून थेट चिखलापर्यंत. शेताच्या अंगालाही तशाच. ठमीनं मला शेताच्या बाजूच्या तिसऱ्या पायरीवर उभं केलं, उंबऱ्यापासून तीन वर, दार उघडण्याआधी आतलं पाणी असे तिथे. स्वतः पलीकडे जाऊन उंबऱ्याच्या एक पायरी खाली उभी राहिली. मधे उघडं दार. तिथून तिनं विचारलं की मी तुम्हाला कुठं दिसते. मी म्हटलं, खाली. किती पायऱ्या? मी मोजल्या. उंबऱ्यापर्यंत तीन आणि त्याखाली एक. चार खाली. उणे चार.

उणे एक म्हणजे एक उतरलेलं. त्यातून आणखी तीन वजा म्हणजे आणखी तीन उतरायचं. उतरता उतरता माणूस वर कसा येईल? दोन्ही उणे दिसली म्हणून मी नियम लावला होता, पण त्या दोघांच्या मधे एक आकडा उभा होता. मग मी तिला म्हटलं, समजा उन्हाळा आहे, आतलं पाणीही उंबऱ्याच्या तीन फूट खाली गेलंय. आतलं पाणी आता उंबऱ्यापर्यंत ओसरलं होतं, त्यात मी उंबऱ्याच्या तीन पायऱ्या खाली उतरलो. ती तिकडे एक पायरी खाली होतीच. आता ती मला वर दिसली, दोन पायऱ्यांनी. उणे एकातून उणे तीन वजा, अधिक दोन. इथे दोन उणी खरोखर एकमेकांना चिकटून आली होती, आणि इथेच तो नियम होता. उतरायच्या तीन पायऱ्या काढून टाकल्या तर चढल्यासारखंच होतं. मी कमरेभर पाण्यात उभा होतो, धोतर भिजलं होतं, वय वर्षं चौतीस, आणि इतक्या साध्या गोष्टीचा मला झालेला आनंद आवरेना. लाजही तितकीच वाटत होती.

ठमीचं अजून संपलं नव्हतं. ती पलीकडून म्हणाली, "तुमी मना बगता तवा मी खाली. मी तुमाला बगते तवा तुमी वर. सरकार आतून भाईर बगतं, न मी भाईरून आत." म्हणजे तिचे चार आणि सरकारचे उणे चार ही एकच गोष्ट, बघणारा फक्त उलट्या काठावर. तिनं पुढे आणखी विचारलं की सातातून आठ, सातातून चार, आणि मग ह्यातून ते, असं मी करायला लावलं, त्यात सात कशाला हवा होता? मी बांधावरच्या ओल्या मातीत मांडून पाहिलं. सातातून आठ गेले त्या कंसातून सातातून चार गेलेला कंस वजा. दुसऱ्या कंसाबाहेर उणे, म्हणून आतली चिन्हं बदलतात. एक सात अधिक, एक सात उणे, दोन्ही गेले. उरलं चार उणे आठ. तिनं वरून मोजलेले आकडे नुसते उलट्या क्रमानं वजा केले असते तरी सरकारचं उत्तर आलं असतं. माझ्या तक्त्याची, दोन रंगांच्या शाईची, मुळात काही गरजच नव्हती.

त्याच दुपारी पेणहून येणारी एस.टी. धरून मी अलिबागला गेलो. ओव्हरसियर कचेरीत होते. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं की चूक ठमाबाईंची नाही, माझी आहे, तक्ता मी करून दिला होता. त्यांनी तक्ता मागितला. तो जळाल्याचं मी सांगितलं. कसा जळाला तेही सांगितलं. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला आणि माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

"गुरुजी, तुम्ही मॅट्रिक. उणे एकातून तीन वजा, तर तुम्ही अधिक चार लिहाल? हे मी वर कोणाला सांगू?" मग ते म्हणाले की असा शिक्षक गावाला मिळायला भाग्य लागतं, पण चांगुलपणावर सरकारी वही चालत नाही.

मी मॅट्रिकला नापास झाल्याचं सांगितलं. ते हसले आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

पहिल्या तारखेला चांगदेव आला. मुलगा चांगला होता, चिन्हं कधी चुकला नाही. ठमी मिठागरावर मीठ ओढायच्या कामाला जाऊ लागली. उन्हाळ्यात ते काम मिळे, पावसाळ्यात लोकांच्या शेतावर लावणी करायची. वाऱ्याच्या दिवसांत चांगदेव घाबरायचा आणि तिच्या घरी जाऊन विचारायचा. ती छत्रीशिवाय बांधावर येऊन काठी सोडायची, "सात" म्हणायची, तो सातातून सात वजा करून शून्य लिहायचा. मासळीवर आता हक्क त्याचा. तो तिला वाटा पाठवी, मोठाच पाठवी. ती तो शेजारी देऊन टाकी. वाटा घालणाऱ्या बाईला वाटा घेणं जमत नव्हतं, आणि तिनं जमवूनही घेतलं नाही. वर्षभरात ती बरीच वाळली.

गावात मात्र माझं नाव झालं. मास्तरांनी एका विधवेसाठी आपल्या शिक्षणाला बट्टा लावून घेतला, अलिबागला जाऊन साहेबासमोर चूक अंगावर घेतली, हे रामचंद्र पाटलांनी चार गावांत सांगितलं. मी त्यांना म्हटलं की पाटील, चूक खरंच माझी होती. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी जितक्यांदा खरं सांगितलं तितक्यांदा माझा मोठेपणा वाढला. शेवटी मी सांगायचं सोडून दिलं. अठ्ठावन्न साली बदली झाली तेव्हा शाळेत निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ आणि पाटलांचं भाषण, भाषणात पुन्हा तीच गोष्ट. उत्तरादाखल मी उभा राहिलो आणि ती गोष्ट खोटी आहे असं एकदा सर्वांसमोर म्हणून पाहिलं. टाळ्या पडल्या.

एस.टी.च्या फाट्यापर्यंत पोचवायला माणसं आली होती. ठमी सगळ्यांत मागे होती. माणसं पांगून झाडाच्या सावलीला गेली तेव्हा ती माझ्याजवळ आली. तिचे हात मिठानं फाटले होते. तिनं माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं नाही.

"सगली म्हन्तात तुमी माज्यासाठी खोटं बोललात," ती म्हणाली. "मी कुनाला कायच सांगितलं न्हाय. पन चूक तुमचीच व्हती."

मी म्हटलं, हो.

"त्या सकाली तुमी वट्यावर बोलला असता, तर कागद माज्या कमरेलाच व्हता. मी काडून दिला असता. उघाडी ऱ्हायली असती."

तिच्या आवाजात राग नव्हता. दीड वर्षं तिनं ते मनात ठेवलं होतं आणि मी निघालो म्हणून सांगितलं. त्या गावात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटीच होती. गाडी येऊन थांबली, कंडक्टरनं माझी ट्रंक टपावर चढवली. मी पुन्हा एकदा हो म्हटलं आणि गाडीत चढलो.